राजीनामा लिहिण्याआधी काकांच्या घरी जाऊन या

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 28 वर्षांची नोकरी, त्यातली बरीच जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडे. गावी परतले तेव्हा मिरवणूक निघाली, आणि वर्षभरात लोकांनी त्यांना तीनशे सभासदांच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं (शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीचं) अध्यक्ष केलं, तेही बिनविरोध. आता दोन हंगाम झाले. ते सकाळी सातला बैठक लावतात, तर दहापैकी तीन-चारच संचालक येतात. उशिरा येणाऱ्यांना दंड लावला, तर तेवढेही येईनात. सोयाबीन खरेदीच्या वेळी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ संचालकांच्या मालात ओलावा जास्त निघाला. तेव्हा काट्यावर सगळ्यांसमोर "संचालक असून नियम मोडता, लाज वाटत नाही का?" असं सुनावून यांनी ट्रॅक्टर परत पाठवला. ते काका तेव्हापासून कार्यालयात आलेले नाहीत, आणि त्यांच्या भावकीतल्या घरांनी आपला माल खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला घातला. कंपनीची सीईओ, कृषी पदवीधर तरुण मुलगी, राजीनामा देऊन बसली आहे. घरी पत्नी म्हणाली, "हे घर आहे, बराक नाही." पुतण्यानं भावनिक बुद्धिमत्तेवरचा एक व्हिडिओ मोबाइलवर पाठवला, तो पाहून तर त्यांना संतापच आला. ते विचारतात: "फौजेत माझा एक शब्द पुरायचा. सिव्हिलमधल्या लोकांना शिस्तच नको असेल तर मी काय करू? राळेगणसिद्धीत एक फौजी गाव सुधारू शकला, मग मला का जमत नाही? आणखी कडक होऊ, की राजीनामा देऊन वावरात जाऊन बसू?" अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे: "संध्याकाळी सहानंतर काय करावं, ते समजत नाही."

नमस्कार भाऊ,

सोयाबीनच्या बाबतीत नियम तुमच्या बाजूनं होता, हे आधी सांगते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. संचालकाचा ओला माल घेतला असता तर रांगेतल्या प्रत्येकानं तोच हट्ट धरला असता. गोदामात माल तापला असता, बुरशी धरली असती आणि तोटा तीनशे घरांच्या माथी आला असता. ट्रॅक्टर परत पाठवणं बरोबरच होतं. 'आपलाच माणूस आहे, चालवून घ्या' म्हणता म्हणता आपल्याकडच्या सोसायट्यांचं काय झालं, ते तुम्ही-आम्ही पाहिलं आहे. म्हणून शिस्त सोडा आणि सगळ्यांशी गोड बोला, असं मी सांगणार नाही.

पण "फौजेत माझा एक शब्द पुरायचा" हे वाक्य मला तुमच्याबरोबर बसून तपासावंसं वाटतं.

तुमच्या हाताखाली तीसेक जवानांची प्लाटून असायची. त्यातल्या कोणाची बायको बाळंत व्हायची आहे, कोणाच्या बापाचा धुऱ्यावरून खटला चालू आहे, कोण सुट्टीवरून आल्यापासून गप्प आहे, हे तुम्हाला माहीत असायचं. माहीत नसतं तर कंपनी कमांडरनं तुम्हालाच विचारलं असतं, "साहब, आपको पता नहीं?" लंगरात काय शिजलंय ते तुम्ही चाखून पाहत होतात. रात्री फेरीला निघालात की संत्रीजवळ घटकाभर थांबत होतात. नव्या पोराला कोणाचा बडी करायचं, कोणाचं कोणाशी जमेल, हे तुम्ही ठरवत होतात. सैनिक संमेलनात साधा शिपाईसुद्धा उभा राहून कमांडिंग ऑफिसरसमोर आपली अडचण मांडू शकत होता. बडाखान्याला अधिकारी जवानांमध्ये मिसळून जेवत होते. आणि पावसात, बर्फात, गोळीबारात तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. एवढं सगळं झाल्यावर तुम्ही एक शब्द बोलत होतात, आणि तो पुरत होता. गावात तुम्ही त्या शेवटच्या शब्दापासूनच सुरुवात केलीत. आधीचं सगळं राहून गेलं.

पुतण्याच्या व्हिडिओत काय होतं ते मला ठाऊक नाही. पण 1990 मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखता येणं, त्यांतला फरक कळणं, आणि त्या माहितीवरून आपलं वागणं ठरवता येणं, ही माणसाची एक क्षमता आहे. घरून वाईट बातमी आलेल्या जवानाला आज रात्री एकट्याला पहाऱ्यावर ठेवायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत तेव्हा हीच क्षमता वापरलीत. ती दुबळ्या माणसांची असती, तर चौकीवर तिचा काही उपयोग झाला नसता. तुमच्याकडे ती आहे. मला वाटतं, वर्दीबरोबर तीही ट्रंकेत गेली, आणि बाहेर फक्त आवाज राहिला.

आता "सिव्हिलमधल्या लोकांना शिस्त नाही" याबद्दल. सध्या हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत. ज्या आठवड्यात कृषिपंपाच्या विजेची लाइन रात्रीची असते, त्या आठवड्यात तुमचे संचालक थंडीत रात्रभर दांडात उभे राहून बारे फिरवत असतात. ज्यांना पाणी द्यायचं नसतं ते मचाणावर जागलीला असतात, कारण एका रात्रीत रोही (नीलगाई) आणि रानडुकरं तुरीचा फडशा पाडतात. पहाटे पाचला माणूस घरी येतो, आणि सातला तुमच्या बैठकीत नसतो. मग तुम्ही त्याला दंड लावता. भाऊ, रात्रभर ड्युटी केलेल्या संत्रीला तुम्ही सकाळच्या पीटीला उभं केलं असतं का? या माणसांना शिस्त आहे. त्यांचं घड्याळ पावसावर, विजेवर, मजुरांवर आणि आठवडी बाजारावर चालतं. सोयाबीनच्या सवंगणीत मजूर सकाळी किती वाजता येतील ते शेतमालकाच्या हातात नसतं. "येतो ना भाऊ" म्हणून कोणी आलं नाही, तर ते खोटं बोलले असं लगेच धरू नका. तुमच्या तोंडावर "सातची वेळ जमत नाही" म्हणण्याची त्यांना भीती वाटली असेल. त्या भीतीचा विचार करा, कारण घाबरलेला संचालक खरी माहितीही देत नाही. बाहेरचा व्यापारी कोणता भाव देतोय, कोण कुठं माल विकतोय, कोणाचं कर्ज थकलंय, हे सगळं तुमच्यापर्यंत यायचं थांबतं. खबर न येणाऱ्या चौकीची काय अवस्था होते, ते तुम्हाला मी काय सांगू.

दंड रद्द करा. तो का रद्द केला, ते पुढच्या बैठकीत तुम्हीच सांगा. आणि बैठकीची वेळ संचालकांनाच ठरवू द्या. ते बहुधा रात्री आठ म्हणतील. आठला या, आणि साडेआठपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मात्र वेळ त्यांनी ठरवली की ती पाळण्याचा आग्रह धरायला तुम्ही मोकळे आहात, आणि तेव्हा तो आग्रह कोणाला टोचणार नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. 2002 मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, ती सहकारी संस्थेचा गाभा कायम ठेवून. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. दोन एकरवाला आणि चाळीस एकरवाला तिथं सारखे. तुम्ही अध्यक्ष आहात, पण तुमच्या वरही कोणी नाही आणि खालीही कोणी नाही. सगळे मालक आहेत. तुमच्या हातात ना पेशी (साहेबांपुढं उभं करणं) आहे, ना रगडा (शिक्षेची कवायत), ना रजा नामंजूर करण्याची सही. तुमच्याकडे एवढंच आहे की लोकांना तुमचं म्हणणं पटलं पाहिजे. सुभेदारकीच्या सवयीला हे फार जड जातं, ते मी समजू शकते.

याहून मोठा फरक मात्र बदलीचा आहे. फौजेत दोघांचं फाटलं तरी दोन-तीन वर्षांत कोणाची तरी पोस्टिंग येते, पलटण हलते, माणसं पांगतात. गावातून कोणाची पोस्टिंग होत नाही. ज्या काकांना तुम्ही काट्यावर बोललात, ते पोळ्याला तोरणाखाली बैलजोडी घेऊन तुमच्या शेजारी उभे राहतील. तुमच्या मुलाच्या लग्नात अक्षता टाकायला येतील, किंवा येणार नाहीत. त्यांच्या घरी मयत झाली तर तुम्हाला खांदा द्यावा लागेल. जवानाला दिलेला दम त्या हुद्द्याला दिलेला असतो, आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळताना दोघंही तो विसरतात. गावात साठीपार माणसाला चारचौघांत लाज काढून बोललं, की ते त्याच्या मुलांना, सुनांना, व्याह्यांना आणि सगळ्या भावकीला बोलल्यासारखं होतं. त्या घरांनी व्यापाऱ्याला माल घातला तो दोन पैसे जास्त मिळतात म्हणून नसावा. आपल्या माणसाच्या बाजूनं उभं राहण्याची तीच एक रीत त्यांना सापडली.

आणि यवतमाळात आपण आणखी एक गोष्ट विसरू शकत नाही. नापिकी आणि कर्ज यांनी आपल्या जिल्ह्यात किती घरं उघडी पडली ते तुम्ही जाणता. समोरचा माणूस कोणतं ओझं घेऊन काट्यावर आला आहे, ते आपल्याला दिसत नाही. ओला माल घाईनं आणणाऱ्याला बहुतेक वेळा पैशाची निकड असते. एखाद्याचा हप्ता थकलेला असतो, एखाद्याच्या घरी लग्न असतं, दवाखाना असतो. अशा माणसाला "माल वाळवून परवा आणा" म्हणणं योग्यच. "लाज वाटत नाही का" हा प्रश्न मात्र आपल्या भागात कोणीही कोणालाही चारचौघांत विचारू नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे काकांच्या घरी जाणं. त्यांना कार्यालयात बोलावू नका. मध्यस्थ पाठवू नका, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना बरोबर नेऊ नका. एकटे जा, संध्याकाळी, जनावरं गोठ्यात आल्यावर. चहा येईल तो घ्या, आणि काय बोलायचं ते थोडक्यात ठेवा: "काका, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं." इथं थांबा. यापुढं "पण नियम म्हणजे नियम" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते 'पण' आलं की आधीची माफी पुसली जाते. ओलाव्याची गोष्ट काकांना कळते, ते तुमच्यापेक्षा जास्त वर्षं सोयाबीन पेरत आले आहेत. ते कदाचित गप्प बसतील. कदाचित रागानं चार शब्द ऐकवतील. ते ऐकून घ्या आणि उत्तर देऊ नका. ते कदाचित म्हणतील, "तुमचं बरोबर व्हतं भाऊ, पण लोकायसमोर असं बोलाचं नवतं." असं म्हणाले तर तुमचं अर्धं काम झालं. पहिल्या भेटीत त्यांना परत येण्याचा आग्रहही करू नका.

हे वाचून तुम्हाला वाटेल की अध्यक्षानं असं जाऊन नमतं घेतलं तर उद्या कोणीही ऐकणार नाही. मला तसं वाटत नाही. माफी तुम्ही बोलण्याच्या रीतीची मागताय, नियमाची मागत नाही. ट्रॅक्टर परत पाठवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची मुळीच गरज नाही. आणि गावात बातमी लपत नाही. तुम्ही काकांकडे गेला होतात हे दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळ्यांना कळेल, आणि फौजीला आपली चूक कबूल करता येते हे गावाला पहिल्यांदाच दिसेल.

त्यानंतर नियमच असा करा की तुम्हाला आवाज चढवावा लागू नये. ओलावा मोजायचं यंत्र काट्याच्या अलीकडं, लोकांना आकडा दिसेल असं ठेवा. माल भरण्याच्या आदल्या दिवशी मूठभर नमुना आणून कोणालाही ओलावा तपासता येईल, अशी सोय करा. गाडी भरून, भाडं देऊन आलेल्या शेतकऱ्याला परत जावं लागतं तेव्हा त्याचा तिळपापड होतो. घरूनच कळलं तर तो दोन दिवस माल वाळवेल. आवारात दोन ताडपत्र्या टाकून तिथंच वाळवू दिलं तरी पुष्कळ काम होईल. तुरीच्या खरेदीआधी एवढं झालं, तरी काट्यावरची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

सीईओ मुलीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण त्यातल्या एका ओळीवर मी अडखळले: "सकाळी सहाला फोन केला तर उचलत नाही." तिनं का उचलावा? उत्पादक कंपनीत पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं कायद्यानंच सांगितलं आहे, आणि रोजचा कारभार तिनं पाहायचा असतो. ती तुमचे निरोप पोचवणारी रनर नाही. शिवाय चारशे उंबऱ्यांच्या गावात तरुण मुलीनं कंपनी चालवणं म्हणजे काय, याची कल्पना करा. ती रोज अशा पुरुषांशी बोलते ज्यांना वाटतं की हिला शेतीतलं काय कळतं. त्यात अध्यक्षच लोकांसमोर तिला झापत असेल, तर तिच्या पाठीशी कोण राहिलं? तिला भेटा, आणि "काय बदललं तर तुम्ही थांबाल?" एवढंच विचारा. ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. त्याच बैठकीत खुलासे देऊ नका, दोन दिवसांनी उत्तर द्या. कोणते निर्णय तिचे, कोणते तुमचे आणि कोणते मंडळाचे, हे एका कागदावर लिहून मंडळात मंजूर करून घ्या. तरीही तिला जायचंच असेल तर तिला सन्मानानं निरोप द्या आणि अनुभवाचं चांगलं पत्र द्या. गावातल्या पुढच्या मुली ते पाहत असतात.

राळेगणसिद्धीचा दाखला पुष्कळ माजी सैनिक देतात, म्हणून त्यावर थोडं. अण्णा हजारे 1975 मध्ये लष्करातून गावी परतले. त्यांनी सुरुवात केली ती पडझड झालेल्या यादवबाबांच्या देवळापासून. स्वतःचा पैसा त्यात घातला आणि तिथंच राहू लागले. हुकूम नंतर आले. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधण्याच्या उपायाची पुढे चर्चा झाली, टीकाही झाली, आणि तो उपाय मला आजही पटत नाही. पण लोक त्यांच्यामागं आले ते आधीच्या कामामुळं. आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन रस्ता झाडायचे, आणि रात्रीच्या कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. उत्तर लोकच द्यायचे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा चालू ठेवते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. अभ्यासगटात लोक आधी विषय समजून घेतात, मग सभेत बोलतात. यात वेळ फार जातो, हे खरं. पण घेतलेला निर्णय कोणी मागून मोडत नाही, कारण तो प्रत्येकाचा असतो.

तुमच्या कंपनीला सगळ्याच बाबतीत असं थांबून चालणार नाही, हे मला कळतं. बाजारात तुरीचा भाव आज चढला आणि उद्या पडला, तर सहमतीची वाट पाहणारा बुडतो. म्हणून मंडळात बसून एकदा वाटणी करून घ्या. गोदामाला आग लागली, खरेदीच्या दिवशी अवकाळी पाऊस आला, काट्यावर मारामारी झाली, तर अध्यक्ष हुकूम देईल आणि सगळे ऐकतील. तिथं तुमच्यासारखा माणूस असणं हे गावाचं भाग्य आहे. इतक्या भावापर्यंत विकायचं की थांबायचं, हे सीईओ ठरवेल, तिला मर्यादा आखून द्या. पण नफा कसा वाटायचा, कोणाचा माल आधी घ्यायचा, यंत्र कोणत्या गावात बसवायचं, नोकरी कोणाला द्यायची, हे सगळ्यांना विचारूनच ठरवा. त्यासाठी तीन बैठका लागल्या तरी लागू द्या.

आता त्या शेवटच्या ओळीकडं येते. संध्याकाळी सहानंतर काय करावं समजत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पत्रात इतर प्रत्येकाबद्दलचा राग आहे, पण स्वतःबद्दल फक्त ही एक ओळ आहे, आणि माझ्या मते सगळं पत्र तिच्यामुळं लिहिलं गेलं. 28 वर्षं संध्याकाळी खेळाचं मैदान होतं, मग रोल कॉल, मग बराकीतल्या गप्पा. तुम्ही कुठं आहात, हे रोज कोणीतरी मोजत होतं. आता नफरीत, म्हणजे रोजच्या हजेरीच्या मोजणीत, तुमचं नाव नाही. ही छोटी गोष्ट नाही भाऊ. माणूस गेल्यावर जसं दुःख होतं तसंच पलटण सुटल्यावरही होऊ शकतं, आणि पुरुषांमध्ये ते फार वेळा रागाचं रूप घेऊन बाहेर येतं. बैठकीला सातजण आले नाहीत, तेव्हा तुम्हाला राग आला हे खरं. त्या रागाच्या आधी, क्षणभर, एकटं वाटलं होतं का? मी विचारतेय, ठरवत नाही. उत्तर मला लिहिलं नाहीत तरी चालेल.

राग येतो तेव्हा शरीर आधी सांगतं. कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे कान तापतात, कोणाचे हात आपोआप पाठीमागं जाऊन ताठ होतात. तुमचं काय होतं ते आठवडाभर नुसतं बघा. रेंजवर तुम्ही पोरांना श्वास धरून ट्रिगर हळू दाबायला शिकवलंत, झटका दिला की गोळी भलतीकडं जाते. रागातलं पहिलं वाक्यही तसंच थोपवायचं. उठून पाणी प्या, "उद्या बोलू" म्हणा आणि खरंच उद्या बोला. सवय लागायला काही महिने लागतील, मधे चुकेलही.

संध्याकाळसाठी एक सुचवते. तुमच्या आसपासच्या गावांतली पोरं पोलीस आणि सैन्य भरतीसाठी डांबरी रस्त्यावर एकटी धावत असतात. त्यांना मैदान आखून द्या, धावण्याची वेळ घ्या, गोळाफेक शिकवा, संध्याकाळी व्हॉलीबॉलचं नेट बांधा. तिथं तुमचा तो आवाज हवा आहे. तिथं तो मोकळा झाला की बैठकीत कमी लागेल. पण भरतीत नापास होणारी पोरंच जास्त असतात. त्यांच्याशी कसं बोलायचं, हेही तिथं शिकायला मिळेल.

घराबद्दल मी थोडंच लिहिते, कारण वहिनींनी एका वाक्यात सगळं सांगितलं आहे. तुम्ही सीमेवर होतात तेव्हा सासू-सासऱ्यांची दुखणी, मुलाची शाळा, पेरणीचे पैसे, बँकेचा कागद, सगळं त्यांनी एकटीनं पाहिलं. त्या घरात तुम्ही नव्यानं आला आहात. काही महिने काही सुधारू नका, नुसतं बघा, आणि विचारा. त्यांना गावातली प्रत्येक बाई माहीत आहे. त्यांच्या बचत गटात हप्ता थकलेल्या बाईला त्या कशा समजावतात, हे विचारा. कंपनी चालवायला ते तुम्हाला पुष्कळ उपयोगी पडेल.

राजीनाम्याचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता देऊ नका. पद सोडणं म्हणजे हार नव्हे. वर्षभर प्रयत्न करूनही हे काम आपल्या स्वभावाचं नाही असं वाटलं, तर वार्षिक सभेत हिशेब देऊन, पुढचा माणूस तयार करून सोडा. आत्ता सोडलं तर काकांशी फाटलेलं तसंच राहील, मुलगी जाईल, आणि "फौजी चिडून गेला" एवढंच लोकांच्या लक्षात राहील. आणखी कडक होण्याचा मार्ग मला तर बंदच दिसतो. त्यानं सभासद गळतील, आणि तीनशेची कंपनी तीस जणांची होईल.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी ठेवून सांगते, तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या इतर माजी सैनिकांना, त्यांच्या बायकांना. राग हा स्वभावाचा असतो, कधी आजाराचाही असतो. रात्री झोप लागत नसेल, फटाक्यानं किंवा दार आपटल्यानं अंगाला घाम फुटत असेल, जुन्या चकमकी डोळ्यांपुढून जात नसतील, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर बोलण्याची रीत बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडं जावं लागेल. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवण्याची चिठ्ठी घेता येते. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या कामाला तुम्ही जातच असता, तिथं आपल्यासारखे इतर कोण जवळपास राहतात हेही विचारून घ्या. महिन्यातून एकदा चार फौजी एकत्र बसले तरी मन हलकं होतं.

सीआरपीएफ, बीएसएफ, एसआरपीएफमधून परतणाऱ्यांची गोष्टही वेगळी नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतली मुलं तर चार वर्षांनीच परत येणार, त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढं ठेवलं जाईल. पंचविशीच्या आसपास परतलेल्या त्या पोरांना गावात कोणी सुभेदारसाहेब म्हणून मान देणार नाही, पण सवयी मात्र फौजेच्या लागलेल्या असतील. त्यांना बोलायला तुमच्यासारखा माणूस गावात लागेल.

आणि गावकऱ्यांनाही माझं सांगणं आहे. फौजी परत आला की आपण हार घालतो, ट्रॅक्टरवर मिरवतो आणि गावातलं सगळ्यात अवघड पद त्याच्या गळ्यात टाकतो. मग त्याचं काही खटकलं तर तोंडावर कोणी बोलत नाही, पाठीमागं सगळे बोलतात. त्याला नोकरीत तोंडावर ऐकायची सवय असते. "साहेब, सातला जमत नाही, रातची लाइन आहे" एवढं सांगायला कोणीतरी एकानं तरी पुढं यायला हवं होतं.

भाऊ, तुरीची आवक जोरात सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. आधी वहिनींशी बोला, मग काकांकडं जा, मग त्या मुलीला भेटा. बैठकीची नोटीस त्यानंतर काढा, आणि तारीख टाकण्याआधी त्या आठवड्यात लाइन दिवसाची आहे की रात्रीची, ते विचारून घ्या.